बूट होताना कर्नल पॅनिक: मशीन कुठवर पोचलं ते आधी बघा

मशीन चालू केलं, सुरुवातीचं चिन्ह येऊन गेलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा पूर आला. शेवटच्या ओळीत 'एंड कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग' असं काहीतरी. कॅप्स लॉकचा दिवा आपला आपणच लुकलुकतोय. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. अशा वेळी हात आपसूक पॉवर बटणाकडे जातो. तो मागे घ्या, मोबाइल काढा आणि पडद्याचा फोटो घ्या, अक्षरं वाचता येतील असा. बूटच्या सुरुवातीलाच पॅनिक झालं तर डिस्कवर लॉग लिहिणारं कुणी अजून जागंच झालेलं नसतं. मशीन बंद केलं की तो मजकूर बहुतेक वेळा कायमचा गेला.

हा लेख लिनक्सबद्दल आहे, आणि ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली त्यांच्यासाठी आहे. संदेश आणि कमांड पडद्यावर अर्थातच रोमन लिपीत असतात. इथे मी त्या उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.

माझ्यावर पहिल्यांदा वेळ आली तेव्हा मी फोटो वगैरे काही काढला नाही. सरळ फॉरमॅट मारून सगळं नव्याने इन्स्टॉल केलं. अख्खा रविवार त्यात गेला आणि संध्याकाळी आपण काहीतरी दुरुस्त केलं असं वाटून मी खूशही झालो. चार-पाच महिन्यांनी अगदी तोच संदेश पुन्हा समोर उभा. कारण तसंच राहिलं होतं, मी फक्त त्याच्यावर नवी चादर घातली होती. ते कारण काय होतं ते पुढे येईलच.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. 'कशामुळे झालं' हा प्रश्न नंतर विचारायचा. आधी विचारायचं, 'मशीन कुठवर पोचून अडलं?'

पॅनिक म्हणजे काय

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याला स्वतःच्या मेमरीतल्या गोष्टींवर भरवसा ठेवता येईनासा झाला, किंवा पुढे जायला वाटच उरली नाही, की तो मुद्दाम थांबतो. हेच पॅनिक. 'नॉट सिंकिंग' हे शब्द वाचून नवखे घाबरतात, पण त्यांचा अर्थ उलट दिलासा देणारा आहे. मेमरीत पडून असलेला, अजून न लिहिलेला डेटा मी डिस्कवर उतरवत नाही, असं कर्नल सांगतोय. डोकं ठिकाणावर नसताना लिहायला बसलो तर चांगल्या फाइलींवर कचरा लिहीन, एवढी अक्कल त्याने शेवटपर्यंत राखलेली असते.

हा शब्द युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांपासूनचा. युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेले टॉम व्हॅन व्ल्हेक यांनी युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिचींशी झालेलं बोलणं सांगितलं आहे. मल्टिक्समधला बराचसा कोड चुकांमधून सावरण्यासाठी लिहिलेला होता. रिचींचं म्हणणं असं की आम्ही ते सगळं गाळलं, चूक झाली की पॅनिक नावाचं रूटीन चालतं, मशीन कोसळतं आणि कुणीतरी बोळातून ओरडून सांगतं की पुन्हा चालू करा. आज ओरडायला बोळात कुणी नसतं, एवढाच फरक.

याचा धाकटा भाऊ म्हणजे 'ऊप्स'. त्यात कर्नल चूक नोंदवतो, ज्या प्रोसेसमुळे (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्राममुळे) ती घडली तिला मारतो आणि पुढे चालू राहतो. पुष्कळदा पॅनिकच्या आधी एखादं ऊप्स होऊन गेलेलं असतं. हे लक्षात ठेवा, वाचताना लागेल.

कुठे अडलं हे कसं ओळखायचं

बूट होताना काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं. मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे जुन्या मशीनवर बायोस आणि नव्यावर यूईएफआय, बूटलोडर शोधतं. तो बहुतेक ठिकाणी ग्रब असतो. ग्रब दोन फाइली मेमरीत चढवतो: एक कर्नल आणि दुसरी इनिटरॅमएफएस. ही दुसरी म्हणजे कर्नलची शिदोरी. मुख्य डिस्क उघडायला लागणारे ड्रायव्हर आणि थोडीफार हत्यारं तिच्यात बांधून दिलेली असतात. शिदोरी सोडून कर्नल रूट पार्टिशन (डिस्कचा तो भाग जिथे मुख्य सिस्टीम असते) माउंट करतो, म्हणजे वापरायला जोडतो, आणि तिथून पहिली प्रोसेस सुरू करतो, जिचा क्रमांक १ असतो. आजकाल ती बहुधा सिस्टिमडी असते, बाकीच्या सेवा सुरू करणारी.

आता पडदा बघा. नुसतं 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून कर्सर थांबला असेल तर कर्नल अजून उठलेलाच नाही. ते दुखणं बूटलोडरचं, आणि या लेखाच्या बाहेरचं. 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' दिसत असेल तर कर्नल उठला, पण रूट पार्टिशनपाशी अडला. 'अटेम्प्टेड टू किल इनिट' असेल तर बहुधा रूट सापडलं, पण पहिली प्रोसेसच मेली. कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहिलेला प्रॉम्प्ट किंवा 'ड्रॅकट' नावाचा प्रॉम्प्ट आला असेल तर ते पॅनिक नाहीच: शिदोरी उघडली, रूट सापडलं नाही, आणि तुम्हाला चाचपडायला एक छोटं शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, दिलं आहे. आणि 'यू आर इन इमर्जन्सी मोड' म्हणत असेल तर कर्नल ठणठणीत आहे. ते बहुतेक वेळा एफएसटॅब या, कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमधल्या चुकीच्या ओळीमुळे होतं. काढून ठेवलेल्या डिस्कची ओळ तिथे तशीच राहिलेली असते, आणि आधी दीड मिनिट 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असं दाखवत मशीन तिची वाट बघतं. ती ओळ काढा, नाहीतर तिच्यात 'नोफेल' हा पर्याय घाला.

या पाच-सहा चेहऱ्यांतला आपला कुठला हे कळलं की अर्धं काम झालं.

संदेश पूर्ण दिसेल असं करा

बऱ्याच डिस्ट्रिब्युशनमध्ये (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार प्रकारांमध्ये) बूटचे संदेश झाकून वर सुंदर चित्र दाखवतात. ते चित्र आधी घालवायचं. मशीन चालू होताना यूईएफआय असेल तर एस्केप टिचकावा, जुनं बायोस असेल तर शिफ्ट दाबून धरा. ग्रबचा मेनू येईल. एस्केप जास्त वेळा दाबला गेला तर मेनूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. घाबरू नका, 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा.

मेनूत वरच्या नोंदीवर असताना 'ई' हे अक्षर दाबा. सात-आठ ओळींचा मजकूर उघडेल. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' असे शब्द असतील. ते खोडा आणि त्या जागी 'लॉगलेव्हल=७' लिहा. मशीन पॅनिक होऊन लगेच स्वतःच रिस्टार्ट होत असेल तर 'पॅनिक=०' हेही लिहा; मग ते थांबून राहील. कंट्रोल आणि एक्स किंवा एफ१० दाबलं की या बदलांसह बूट सुरू होईल. हे बदल तेवढ्या एका बूटपुरते असतात, फाइलीत काही लिहिलं जात नाही. त्यामुळे इथे चुकलात तरी बिघडत काही नाही, पुन्हा रिस्टार्ट करा.

तिथे आहात तोवर 'लिनक्स' ओळीच्या खाली 'इनिटआरडी' ने सुरू होणारी ओळ आहे का तेही पाहून घ्या. नसेल तर शिदोरीशिवाय कर्नलला घराबाहेर काढलं आहे, आणि पुढचं निदान जवळजवळ झालंच.

अक्षरं सरसर वर निघून जात असतील तर फोटोने भागत नाही. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत वाचा. ऐकायला गावठी वाटतं, पण माझ्या अनुभवात नवख्यासाठी यापेक्षा बिनत्रासाचं दुसरं साधन नाही. सर्व्हर असेल तर सीरियल कन्सोल सर्वांत उत्तम: 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' असं कर्नलला सांगितलं की सगळा मजकूर केबलमधून दुसऱ्या मशीनवर येतो. २०२४ च्या ६.१० आवृत्तीपासून काही ग्राफिक्स ड्रायव्हरसोबत पॅनिकचा वेगळा, सुटसुटीत पडदा येतो, आणि त्याच वर्षीच्या ६.१२ पासून त्यावर क्यूआर कोड दाखवायचीही सोय आहे. तुमच्या कर्नलमध्ये ती चालू असेल तर नशीबवान आहात.

यूईएफआय मशीनवर आणखी एका जागी डोकवा. कधीकधी कर्नल मरता मरता शेवटच्या ओळी फर्मवेअरच्या मेमरीत टाकून जातो. मशीन कसंही करून पुन्हा चालू झालं की 'व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोअर' या फोल्डरमध्ये त्या सापडू शकतात.

वाचायचं वरून

नजर जाते शेवटच्या ओळीकडे, पण ती बहुधा परिणाम सांगते, कारण नव्हे. 'कट हिअर' लिहिलेली तुटक रेघ, 'बग', 'ऊप्स' किंवा 'हार्डवेअर एरर' असे शब्द वर शोधा, आणि त्यातला सगळ्यात पहिला पकडा. एकदा चूक झाली की पुढच्या चुका तिच्याच पोटी जन्मतात. तिसऱ्या ऊप्सचा अर्थ लावत बसण्यात अर्थ नसतो.

त्या पहिल्या तुकड्यात तीन गोष्टी बघा. 'आरआयपी' ने सुरू होणारी ओळ: चूक घडली तेव्हा कर्नल कुठलं फंक्शन चालवत होता ते तिथे असतं. शेवटी चौकोनी कंसात एखाद्या मॉड्यूलचं (कर्नलला जोडता येणाऱ्या तुकड्याचं, जसा एखादा ड्रायव्हर) नाव असेल, तर संशयित जवळपास हाती लागला. दुसरी 'कॉम' या शब्दापुढची प्रोसेस. 'स्वॅपर/०' असेल तर बाहेरचा कुठलाही प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच गडबड झाली आहे. तिसरी 'टेंटेड'. तिच्यापुढे 'पी' असेल तर मालकी हक्काचं मॉड्यूल भरलेलं आहे, 'ओ' असेल तर कर्नलच्या बाहेर तयार झालेलं. 'नॉट टेंटेड' असेल तर निदान या दोघांवर तरी संशय नको. खाली 'कॉल ट्रेस' म्हणून फंक्शनांची लांबलचक यादी असते. ती तुम्हाला कळली नाही तरी चालेल. मदत मागताना मात्र ती लागतेच.

जुन्या कर्नलने बूट करून बघा

ग्रबच्या मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असतं. आत मागच्या एक-दोन आवृत्त्या ठेवलेल्या असतात. फेडोरा तर मेनूत थेट दाखवते आणि मूळ सेटिंगनुसार तीन कर्नल राखते. मागचा निवडा आणि बघा.

पाच मिनिटांची ही चाचणी इतर सगळ्या उपायांच्या आधी करावी असं माझं ठाम मत आहे, कारण ती संशयितांची यादी एका फटक्यात अर्धी करते. जुन्याने मशीन सुरू झालं तर डिस्क आणि मेमरी बहुधा ठीक आहेत. दोष नव्या कर्नलमध्ये, त्याच्या शिदोरीत किंवा त्यासाठी नव्याने न बनलेल्या एखाद्या मॉड्यूलमध्ये आहे. शिवाय दुरुस्तीसाठी तुम्हाला चालू मशीन मिळालं. जुन्यानेही तसंच पॅनिक झालं तर अपडेटला शिव्या देणं थांबवा आणि डिस्क, मेमरी किंवा फर्मवेअरच्या सेटिंगकडे वळा.

अननोन-ब्लॉक (०,०)

नवख्यांच्या वाट्याला सर्वाधिक येणारा हा प्रकार, म्हणून इथे जरा थांबू.

कंसातले दोन आकडे म्हणजे डिव्हाइसचा मुख्य आणि उपक्रमांक. (८,१) असेल तर कर्नलला एसडीए डिस्कचं पहिलं पार्टिशन दिसलं, पण त्यातली फाइल सिस्टीम त्याला उलगडली नाही. (०,०) चा अर्थ, 'तुम्ही सांगता ते पार्टिशन कुठलं, हेच मला कळलं नाही.' आणि त्यामागे एक गंमत आहे. ग्रबच्या ओळीत सहसा 'रूट=यूयूआयडी' असं लिहिलेलं असतं. फाइल सिस्टीमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा एकमेव ओळखक्रमांक, ओळखायची कला खुद्द कर्नलकडे नसते. ते काम इनिटरॅमएफएसमधली हत्यारं करतात. त्यामुळे शिदोरी हरवली की डिस्क शाबूत असूनही कर्नल आंधळ्यासारखा उभा राहतो. पॅनिकच्या थोडं वर 'हिअर आर द अव्हेलेबल पार्टिशन्स' म्हणून यादी येते. तीत तुमची डिस्क दिसत असेल तर हाच प्रकार. यादी रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हरच चढलेला नाही, आणि बऱ्याच डिस्ट्रिब्युशनमध्ये तोही शिदोरीतच असतो.

शिदोरी हरवते कशी? माझ्या त्या वाया गेलेल्या रविवारमागचं कारण हेच होतं. मी बूट फोल्डरसाठी वेगळं, लहानसं पार्टिशन केलं होतं. दर अपडेटला नवा कर्नल आणि त्याची इनिटरॅमएफएस तिथे जमा होत गेली. ही फाइल काही मशीनवर १०० एमबीच्याही वर जाते. एके रात्री जागा संपली. कर्नल मावला, शिदोरी अर्धीच लिहिली गेली. अपडेटच्या मजकुरात 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' ही ओळ स्वच्छ आली होती, मी ती न वाचता खिडकी बंद केली. नव्याने इन्स्टॉल करतानाही पार्टिशन तेवढंच ठेवलं, म्हणून दुसऱ्यांदा तेच.

दुरुस्ती अशी. जुन्या कर्नलने आत या. 'डीएफ -एच /बूट' चालवा आणि पार्टिशन किती भरलंय ते बघा. मग 'एलएस -एलएच /बूट' करून फाइलींचे आकार शेजारी शेजारी बघा. बाकीच्या इनिटआरडी फाइली ९० एमबीच्या आणि नवी १२ एमबीची, असं काही दिसलं की चोर सापडला. जागा मोकळी करायची ती पॅकेज मॅनेजरकडून. डेबियन-उबुंटूवर 'एपीटी ऑटोरिमूव्ह' बिनवापराचे जुने कर्नल काढतो. हाताने 'आरएम' मारू नका, आणि 'यूनेम -आर' ने जो कर्नल चालू असल्याचं कळतं त्याला तर मुळीच हात लावू नका. या घडीला तोच तुमचा एकमेव धडधाकट कर्नल आहे. मग शिदोरी नव्याने बांधा. डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' आणि पाठोपाठ 'अपडेट-ग्रब'. फेडोरावर 'ड्रॅकट --फोर्स --रीजनरेट-ऑल'. आर्चवर 'एमकेइनिटसीपीआयओ -पी', यातला पी मोठ्या लिपीतला. नव्या कर्नलची फाइल मुळातच नसेल तर उबुंटूवर '-यू' ऐवजी '-सी' आणि पुढे त्या कर्नलची नेमकी आवृत्ती द्यावी लागते. कमांड चालू असताना येणारा मजकूर या वेळी वाचा.

जुना कर्नल उरलाच नसेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) सुरू करा. तिथून आपलं रूट पार्टिशन 'एमएनटी' फोल्डरवर माउंट करायचं, मग बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर ते 'एमएनटी/बूट' वर, ईएफआयचं 'एमएनटी/बूट/ईएफआय' वर, त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर '--बाइंड' लावून आत जोडायचे आणि 'सीएचरूट /एमएनटी' ने आत शिरायचं, म्हणजे पुढच्या कमांड आपल्या डिस्कवरच्या सिस्टीमवर चालतात. मग वरच्याच कमांड. इथली नेहमीची चूक म्हणजे बूटचं पार्टिशन माउंट करायला विसरणं. कमांड गुपचूप यशस्वी होते, शिदोरी बांधली जाते, पण ती रूट पार्टिशनमधल्या रिकाम्या बूट फोल्डरात. खऱ्या जागी जुनीच मोडकी फाइल राहते. रिस्टार्ट केल्यावर माणूस चक्रावून जातो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी ती उघडा, आणि उघडताना क्रिप्टटॅब फाइलमध्ये जे नाव आहे तेच द्या.

पहिली प्रोसेस मेली असेल तर

'अटेम्प्टेड टू किल इनिट' च्या पुढे 'एक्झिटकोड' असतो, आठ अंकांचा. लोक तो बघतही नाहीत, आणि निम्मी माहिती तर त्यातच असते. शेवटचे दोन अंक सिग्नल, म्हणजे प्रोसेस कशामुळे मारली गेली त्याचा क्रमांक, सांगतात, त्यांच्या आधीचे दोन प्रोसेसने परत दिलेला आकडा. शेवटी '७एफ००' असेल तर १२७: बहुधा एखादी लायब्ररीच सापडलेली नाही, म्हणजे अर्धवट राहिलेलं अपडेट. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सीएचरूट करून 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवा. शेवटी '०बी' असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट: बिघडलेली फाइल किंवा मेमरी. '०४' म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना. नव्या प्रोसेसरसाठी बनवलेली सिस्टीम जुन्या मशीनवर लावली की हे होतं. '०७' दिसलं तर मी आधी डिस्ककडे बघतो, कारण फाइल वाचता वाचता डिस्कने हात टेकले की हाच सिग्नल येतो.

हार्डवेअरचा संशय

दर वेळी पॅनिकचा मजकूर वेगळा, आरआयपीमधलं फंक्शन वेगळं, कधी बूट होतं कधी नाही: अशी लहर दिसली की मेमरी. सॉफ्टवेअरची चूक सहसा इतकी लहरी नसते. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून चालवा. २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून ते यूईएफआय मशीनवरही चालतं. रात्रभर चालू द्या. एकही लाल ओळ आली तर 'एकच तर आहे' म्हणू नका, मेमरीत चालण्याजोगी चूक नसते. फर्मवेअरमध्ये एक्सएमपी (मेमरी जादा वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर आधी ते बंद करून पुन्हा तपासा. मेमरी चांगली असूनही जादा वेग तिला झेपत नाही, असं होतं. नंतर एकेक पट्टी काढून बघायची.

डिस्कसाठी लाइव्ह सिस्टीममधून 'स्मार्टसीटीएल -ए'. 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर असेल तर दुरुस्ती नंतर, आधी डेटा दुसरीकडे काढा. 'एफएससीके' ही फाइल सिस्टीम तपासणारी कमांड फाइल सिस्टीम माउंट नसतानाच चालवायची, आणि पहिल्यांदा '-एन' लावून, म्हणजे ते फक्त सांगेल, बदलणार काही नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर थेट दुरुस्ती सोडणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं.

आणि मदरबोर्डवरचा तो सीआर२०३२ सेल. तो संपला की फर्मवेअरची सेटिंग मूळपदावर जातात. डिस्कचा मोड एएचसीआयवरून रेडवर गेला की लिनक्सला डिस्क दिसेनाशी होऊ शकते. फर्मवेअरमध्ये तारीख भलत्याच जुन्या वर्षाची दिसली तर संशय बळावतो. मी एकदा सकाळपासून ड्रायव्हर आणि शिदोऱ्या तपासत बसलो होतो आणि संध्याकाळी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं.

ड्रायव्हर आणि बाहेरची मॉड्यूल

आरआयपीच्या ओळीत मॉड्यूलचं नाव सापडलं असेल तर ग्रबच्या त्याच 'लिनक्स' ओळीत 'मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=' आणि पुढे ते नाव लिहून बूट करा. पडदा नुसताच काळा होत असेल, मजकूर काहीच नसेल, तर 'नोमोडसेट' लिहून बघा; ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला राहतो. एका वेळी एकच बदल करा. पाच पर्याय एकदम लिहून मशीन सुरू झालं तर कशाने झालं ते कळत नाही, आणि मग ते पाचही वर्षानुवर्षं फाइलीत चिकटून राहतात. 'एसीपीआय=ऑफ' हा सल्ला जुन्या चर्चांमधून अजून फिरतो. निदानापुरता ठीक, पण कायमचा ठेवू नका; आजच्या मशीनवर त्याने पॉवर बंद होण्यापासून कोअरच्या संख्येपर्यंत बरंच काही बिघडतं.

कर्नलमध्ये शिरलेली बाहेरची वस्तू काय करू शकते हे १९ जुलै २०२४ ला विंडोजवर जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल ७८ मिनिटं वाटली गेली, तिचा कर्नलमधला ड्रायव्हर ती वाचताना कोसळला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीन अडकली. पुष्कळशी बूट होतानाच पुन्हा पुन्हा पडत राहिली. उपाय बघा: सेफ मोडमध्ये शिरा, ती एक फाइल काढा, रिस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये तो ड्रायव्हर चढतच नसे, म्हणून आत जाता येत होतं. आपण ब्लॅकलिस्टने करतो ते याच जातीचं काम.

कर्नल स्वतः बनवला असेल तर

तुम्ही नवखे असूनही कर्नल स्वतः कंपाइल केला असेल तर कौतुक, पण (०,०) पुन्हा भेटणार. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि रूटची फाइल सिस्टीम तुम्ही 'एम' (वेगळं मॉड्यूल) ठेवली आणि शिदोरी बांधली नाही, तर कर्नल डिस्कवरचा ड्रायव्हर वाचायला डिस्क उघडू शकत नाही. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावल्यासारखं. दोन्ही 'वाय' (कर्नलमध्येच सामील) करा, नाहीतर इनिटरॅमएफएस बांधा. मागची आवृत्ती चालत होती आणि नवी नाही, असं असेल तर 'गिट बायसेक्ट' आहे, म्हणजे बदलांची यादी दर चाचणीत अर्धी करत जाणारी पद्धत. हजार बदलांतून दोषी बदल दहाएक चाचण्यांत मिळतो, आणि दोन मुख्य आवृत्त्यांमधल्या चौदा-पंधरा हजारांतून चौदाएक चाचण्यांत. वेळखाऊ आहे, पण उत्तर नेमकं मिळतं.

मदत मागताना

'माझं लिनक्स चालू होत नाही' यावर कुणीच काही सांगू शकत नाही. पॅनिकच्या पहिल्या ओळीपासूनचा फोटो, कर्नलची आवृत्ती, डिस्ट्रिब्युशन, जुन्या कर्नलने काय होतं, आणि शेवटचं नीट चालल्यापासून काय बदललं ते द्या. 'काहीच बदललं नाही' असं लिहिण्याआधी अपडेट आपोआप होतात का ते बघा, बहुतेक ठिकाणी होतात. सीएचरूट करून 'व्हार/लॉग/एपीटी' मधली हिस्टरी फाइल उघडली की तारीखवार सगळं दिसतं.

मशीन सुरू झालं की 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' चालवून तात्पुरता पर्याय कुठला राहून गेलाय का ते तपासा. 'डीएफ -एच /बूट' पुन्हा बघा. चालणारा जुना कर्नल निदान पुढच्या अपडेटपर्यंत काढू नका. मग दोनदा बूट करा: एकदा साधं रिस्टार्ट, आणि एकदा पूर्ण बंद करून, पॉवरची केबल काढून, मिनिटभर थांबून. सैल बसलेली मेमरीची पट्टी किंवा अखेरच्या घटका मोजणारी डिस्क पुष्कळदा गरम मशीनवर निमूट चालते आणि थंड मशीनवर रंग दाखवते.